कळफलकावरचं कुंकू

वाचनालयाच्या खोलीत सहा संगणक होते. सहाही सुरू केले, आणि सहाही पडदे काळे! प्रत्येकावर इंग्रजीची एक ओळ आणि लुकलुकणारी एक रेघ. पेटीचं, कागदाचं, पोस्टकार्डाचं, एकही चित्र नव्हतं.

"आपली चित्रं कोठी गेली बे?" शालिग्राम ओरडला.

विशाखा एकेका पडद्याकडे पाहत पुढे सरकत होती. उन्हाळ्यात ती, शालिग्राम आणि मंजुळा यांनी धामणगावला संगणकाचा क्लास चालवणाऱ्या हिंमतदादाबरोबर सीडीवरून या संगणकांवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम बसवली होती. ज्यांनी कधी माउस धरला नाही त्यांनाही कळावं म्हणून नावं घरातली दिली होती. फाइल म्हणजे 'कागद', फोल्डर म्हणजे 'पेटी', ईमेल म्हणजे 'पोस्टकार्ड'. "ही सिस्टिम कोणाच्या मालकीची नाही, म्हणून ती तुमची," दादाच म्हणायचा.

उद्या बचत गटाच्या बारा बायका शिकायला येणार होत्या. त्यांना जमलं नाही, तर संगणक देणाऱ्यांकडे परत जाणार आणि खोलीत सोसायटीची खताची पोती येणार!

तेवढ्यात दादा आला. दारातूनच म्हणाला, "गेली ना? फुकटचं असंच असते. बायकांले माह्या धामणगावच्या क्लासले पाठवा." आणि गाडीला किक मारून गेलाही.

"त्यानं एक बटणबी दाबून पाह्यलं नाही!" मंजुळा म्हणाली.

"अन् सहाही एकसारखेच बिघडले काऊन?" विशाखा टेबलावर वाकली. प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर लक्ष्मीपूजनाचं कुंकू होतं. पण ते कळफलकावरही होतं! एंटरवर ठसठशीत, अक्षरांवर पुसट.

"पूजेनंतर मशीनले हात लावत नाहीत ना?" शालिग्राम म्हणाला. "माही आजी तर शिलाई मशीनलेही लावू देत नाही."

"लावला कोणीतरी. कुंकवाच्याच बोटांनी!" विशाखा म्हणाली.

वाचनालयाचे अध्यक्ष वामनराव ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"आजोबा, संगणकांची पूजा कोणी केली?" तिने विचारलं.

"हिंमतनं. चावी घेऊन गेला. म्हणे, लेकरं कायले, मीच करतो."

"दादा नसीन बे..." शालिग्राम पुटपुटला.

विशाखा आत संगणकाकडे वळली. तिने दादानेच शिकवलेली एक आज्ञा टाइप केली. पडदा उजळला. पेटी! कागद! पोस्टकार्ड! काहीच बिघडलं नव्हतं. सुरू होताना चित्रं दाखवू नकोस, एवढंच दादाने प्रत्येक संगणकाला सांगून ठेवलं होतं.

"सहाही नीट करू," ती म्हणाली. "अन् कोणालेच सांगू नका!"

दुसऱ्या दिवशी दादा क्लासची पत्रकं घेऊन आला. "पाहा मावशी, नुसता अंधार!" त्याने ऐटीत बटण दाबलं आणि वळून बायकांकडे पाहत राहिला.

"अंधार कोठी आहे रे भाऊ?" बचत गटाच्या मनकर्णाबाई पुढे झुकल्या. "मले तर पेटी दिसून राह्यली!"

खोलीभर हशा पिकला. विशाखा हसली नाही.

"दादा, एंटरवरचं कुंकू पुसायचं राह्यलं तुह्यं."

हशा थांबला. दादाचा चेहरा उतरला.

"काऊन केलं तू?" तिने विचारलं.

"सगळ्यांले इतकं सोपं झालं, तर माह्याकडे कोण येईन?" तो खाली पाहत म्हणाला. मग नेहमीसारखा त्याचा हात तिच्या डोक्याकडे आला. ती बाजूला सरकली.

वामनराव उठले. "शाब्बास पोरांनो! खताची पोती माह्या वसरीत ठेवा म्हणा. खोली कोठीच जात नाही. अन् चावी आजपासून या तिघांपाशी!"

मंजुळा आणि शालिग्रामने टाळ्या वाजवल्या. विशाखाने मनकर्णाबाईंच्या हाताखाली माउस सरकवला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही.

तीन वाजेपर्यंत बारांपैकी नऊ जणींनी कोणालाही न विचारता संगणक सुरू केला, कागद उघडून स्वतःचं नाव लिहिलं, तो पेटीत ठेवला आणि संगणक बंद केला.