टाळीच्या आधी

लाइपझिगच्या त्या जुन्या संगीतसभागृहाचं छत ठेवायचं की उतरवायचं, हे उल्रीके हार्निशच्या चाचणीवर ठरणार होतं. ती वास्तुविशारद होती, सभागृहांतल्या आवाजाची जाणकार. आणि त्या छतावरच्या गिलाव्याच्या फुलांवर तिचा जीव जडला होता.

सकाळचं ऊन उंच खिडक्यांतून लाकडी गॅलरीवर उतरलं होतं. गिलाव्याचा कारागीर डेटलेफ, तिचा जुना सोबती, सॉसेज-पाव खात खुर्च्यांमधून हिंडत होता.

"आवर की. तुझं चावणंसुद्धा मोजलं जातंय."

"मग बरे गुण दे त्याला."

रंगमंचावर उभं राहून उल्रीकेनं हात उचलले. टाळी घुमली आणि वरच्या कमानींत हळूहळू विरली.

तिचे हात अजून एकमेकांपासून लांबच होते.

"छान आली. पुन्हा वाजव," डेटलेफ म्हणाला.

"मी वाजवलीच नाही."

तिनं पुन्हा हात उचलले. पुन्हा आवाज आधी, टाळी मागून. डेटलेफनं शीळ घालायला ओठांचा चंबू केला, तर शीळ वरून आधीच आली. दोघं शाळकरी पोरांसारखी हसत सुटली. त्यांचं हसूही त्यांच्या आधी हसत होतं.

मग वरून उल्रीकेचीच हाक आली. "डेटलेफ, मागे हो!"

तो दचकून मागे सरला. तेवढ्यात तिला छतातून भुगा गळताना दिसला आणि ती तेच ओरडली.

गिलाव्याचं मोठं फूल, तो उभा होता तिथल्या खुर्चीवर कोसळलं.

छताचा निर्णय घेणाऱ्या समितीला त्यांनी इतकंच सांगितलं, की एक फूल सैल होतं आणि आवाज अप्रतिम आहे. छत राहिलं. नवं फूल डेटलेफनंच घडवलं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. वादक यायचे होते. उल्रीके खुशीत वर बघत होती. तेवढ्यात छतातून आवाज आला, थकलेला, म्हातारा, पण तिचाच.

"रूपर्ट, ऊठ ना. कार्यक्रम संपला. रूपर्ट..."

दुसऱ्या कुणीही मान वर केली नाही. तिनं आठवून पाहिलं. नात्यात नाही, कामावर नाही, रूपर्ट नावाचं कुणीच नव्हतं. तिला जरा हायसं वाटलं.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर एक गृहस्थ धापा टाकत येऊन बसला आणि त्यानं पेपरमिंटची डबी पुढे केली.

"ट्राम चुकली हो. घ्या ना. मी रूपर्ट."

त्याचं हसू फार लोभस होतं.