खुंटीवरचा नान

एर्गश दुपारी भट्टीघरात गेला तो शिपायांचे नान आणायला. भट्टी त्याच्या बायकोकडे, सानोबरकडे होती.

सोन्याच्या खाणीवर पहारा देणारा तो किल्ला वाळवंटात एकटाच उभा होता. जाड मातीचा तट, काटेरी तारा, बुरुजांवर मशीनगनी. शत्रू मात्र कधी दिसला नव्हता. वाळू दिसायची. तटाबाहेर निघालेला प्रत्येक जण सानोबरच्या हातच्या नानाचा एक घास खाऊन जायचा, आणि उरलेला ती खुंटीला टांगायची. माणूस परतला की त्यानेच तो संपवायचा. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही, हे शेंबडं पोरही जाणत होतं.

सध्या भिंतीवर एकच नान होता, हमरोचा; सानोबर त्याला अका, म्हणजे दादा, म्हणायची. हिवाळ्यात तो पाण्याचा टँकर घेऊन गेला तो गेलाच.

आणि सानोबर रोज तो नान फडक्याने पुसायची! एर्गशचा नुसता जळफळाट व्हायचा. नवऱ्याच्या कोटाचं तुटलेलं बटण हिला दिसत नाही, आणि हमरोच्या नानावर धुळीचा कण खपत नाही.

"मेलाय तो," एर्गश म्हणाला.

"तोंड सांभाळा. नान टांगलाय तोवर माणूस वाटेत असतो."

"माझी वाट कधी बघितलीस अशी?"

"तुम्ही जाता कुठे? बुरुजावर नाहीतर अंथरुणात!" ती हसली आणि टोपली घेऊन कोठारात पीठ आणायला गेली.

तेवढ्यात वादळ उठलं. खिडकी आधी पिवळी झाली, मग तांबडी, मग काळी. तारा शीळ घालू लागल्या. उजेड उरला तो भट्टीतल्या निखाऱ्यांचा. एर्गशने खुंटीवरचा नान ओढला. विस्तवात टाकणं पाप; खाल्ला तर उंदरावर ढकलता येईल. त्याने तो बकाबका खाल्ला.

इतक्या दिवसांचा नान दगड व्हायला हवा होता. तो मऊ होता. गरम होता... त्याला ओल्या वाळूचा वास येत होता. तरी शेवटचा तुकडा गिळेपर्यंत त्याला थांबता येईना.

दार उघडून सानोबर आत आली. तिने रिकामी खुंटी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. हातातली टोपली खाली पडली.

"हमरो अका...! कधी आलात?"

थट्टा करतेय, असं त्याला वाटलं. पण तिचे डोळे भरून आले होते. मी हमरो नाही, असं तो सांगणार होता. पण त्या डोळ्यांतली माया सोडवेना. आज ती त्याच्याकडे वळली होती.

"आत्ताच," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

चहा ओतताना तिने हळूच विचारलं, "वाटेत आमचे हे... दिसले का हो?"

तिने भिंतीकडे बोट केलं. मघाशी रिकाम्या असलेल्या खुंटीवर आता एक नान होता, एका बाजूने चावलेला.

"गेल्यापासून रोज पुसते मी तो. संशयी आहेत, तापट आहेत. पण माझे आहेत, अका."

"सानोबर, अगं मीच..."

फाटकावरून पहारेकरी ओरडला, "दार उघडा! एर्गश परत आलाय!"

सानोबरचा चेहरा असा उजळला की एर्गशला भडभडून आलं. खुंटीवरचा नान छातीशी धरून ती अनवाणीच वादळात धावली.

बाहेर ती हसली. तिच्याबरोबर आणखी कुणीतरी हसलं, एर्गशच्याच आवाजात.