हिरव्या शाईच्या वह्या

“पेटी शाळेत आलीच नाही, सर!” हेडक्लार्क तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तेही इतक्या मोठ्याने, की समोरचा माणूस जणू ठार बहिरा आहे.

अंगणात भिंगरीच्या हातातली हातोडी हवेतच थांबली. ती, तिचा मामेभाऊ फुटपट्टी आणि त्याची धाकटी बहीण मिरी पक्ष्यांसाठी लाकडी घरटी ठोकत बसली होती. फुटपट्टी बांध्याने होता तसाच बोलण्यातही सरळ. मिरी जेमतेम आठ वर्षांची, पण आवाज असा, की दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री जागी व्हावीत. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम शेजारच्या सरांच्या अंगणातच होता.

या सरांनी शाळेत पोरांना व्याकरण शिकवलं होतं आणि मैदानावर पळायलाही. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांना दिवस पुरत नसे. बंद पडलेली घड्याळं ते चालू करत, फाटकी पुस्तकं बांधत, निवडुंग वाढवत, रोजचा पाऊस मोजत, दुकानांच्या पाट्या रंगवत. व्हायोलिनही वाजवत. म्हणजे ते वाजवत आणि शेजारी सोसत!

आता मात्र ते ओसरीवरच्या खुर्चीत अगदी ताठ बसले होते.

“मी स्वतः हातगाडीवरून आणली,” सर म्हणाले. “आत माझ्या हिरव्या शाईच्या अडतीस वह्या होत्या. तुमच्या टेबलाशेजारी ठेवली. तुम्ही म्हणालात, ‘राहू द्या तिथेच.’”

“मी?” हेडक्लार्कांनी कानावर हात ठेवले. “सर, परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होतात की नाही? तसंच हे!” आणि ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

सोबत आलेले मुख्याध्यापक हसले नाहीत, पण त्यांचा गोड आवाज भिंगरीला त्या हसण्याहून जास्त बोचला. “सर, वय झालं की होतं असं. द्यायचं मनात आलं असेल, आणि मग दिलीच असं वाटलं असेल. मनाला लावून घेऊ नका. शाळेच्या पन्नासाव्या वर्षाच्या प्रदर्शनात तुमच्या वह्यांऐवजी दुसरं काहीतरी ठेवू. समितीतल्या पाचही जणांना मी फोनवर कळवलंय, की सरांच्या आता लक्षात राहत नाही, त्यांना त्रास देऊ नका. तुमच्या मुलीलाही फोन केला. काळजी वाटली म्हणून!”

“माझ्या मुलीला?” सरांचा आवाज एकदम बारीक झाला.

“त्या येताहेत रविवारी, तुम्हाला न्यायला. घर बंद करायचं म्हणत होत्या. आराम करा आता!”

फाटक वाजलं. दोघे गेले. भिंगरीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

“खोटारडे!” मिरी ओरडली.

“पुरावा नाही,” फुटपट्टी म्हणाला.

“तू गप रे! सर कधी खोटं बोलतील का?”

“खोटं नाही म्हणत मी. पण पुरावा नाही, हे तर खरं ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी सरांकडे गेली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावर एक चिठ्ठी होती : ‘गॅस बंद केला का?’ कपाटावर दुसरी : ‘किल्ली खिशात.’ सर टेबलाशी बसले होते. समोर एक उघडं घड्याळ होतं, पण हात त्याच्याकडे जात नव्हता.

“भिंगरे, खरं सांग. मी खरंच नेली होती का गं ती पेटी?”

ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वीच्या शर्यतीतला तिसरा नंबर कोणाचा हे आठवतं, तो आज एका बारा वर्षांच्या मुलीला स्वतःबद्दल विचारतोय! आणि हे कोणामुळे? दोन बेफिकीर माणसांमुळे!

“नेली होती!” ती जवळजवळ ओरडलीच. “झाकणाच्या आत तुम्ही अक्षरं रंगवलीत, तेव्हा रंगाचा डबा मीच धरला होता की!”

“रंगवली, ते खरं. नेली का?”

ती पाय आपटत बाहेर आली. “चला,” ती अंगणातल्या दोघांना म्हणाली. “खिळे संपलेत.”

हार्डवेअरच्या दुकानात काकूंनी मूठभर खिळे मोजले, शेजारच्या गठ्ठ्यातला एक कागद ओढला आणि झटक्यात पुडी बांधली. भिंगरीने पुडी हातात घेतली मात्र, तिचे डोळे विस्फारले.

हिरवी शाई!

“काकू, दुसरा कागद द्या! हा फाडू नका! प्लीज!”

“अगं, खिळे सांडतील...”

सांडलेच. पण कोणाला पर्वा! तिघांची डोकी त्या कागदावर एकत्र आली. चारशे मीटरच्या वेळा, तारखा, आणि खाली एक ओळ : ‘हरली तरी हसते. हिला जपलं पाहिजे.’

“हा ‘ळ’ बघ!” मिरी किंचाळली. “शेपटी वळवलेला! असा ‘ळ’ फक्त सर काढतात!”

“काकू, ही रद्दी कुठून आणता तुम्ही?” फुटपट्टीने विचारलं.

“पुलापलीकडच्या रद्दीवाल्याकडून. परवाच आणली. का रे, काय झालं?”

उत्तर द्यायला दुकानात होतंच कोण!

रद्दीवाले काका पत्र्याच्या शेडमध्ये गठ्ठे बांधत होते. “वह्या? हो, आल्या होत्या पंधरा दिवसांपूर्वी. शाळेच्या टेम्पोतून. तुमचे हेडक्लार्क पुढे बसले होते की! बहुतेक माल तिकडे मागे पडलाय. चार वाजता ट्रक येईल, मग कागदगिरणीत लगदा!”

“लगदा?” भिंगरीला धाप लागली. “काका, त्या रद्दी नाहीत! सरांच्या वह्या आहेत. अडतीस वर्षं त्यांनी ज्यांना ज्यांना पळायला शिकवलं, त्या प्रत्येकाचं एकेक पान आहे त्यात!”

काकांनी हातातली सुतळी खाली ठेवली. “ते शिट्टीवाले सर? माझ्या भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच चालू केलंय.” त्यांनी मागच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तो ढीग फुटपट्टीच्या डोक्याच्याही वर गेला होता. “सापडतील तेवढ्या घेऊन जा. पण ट्रक माझ्यासाठी थांबायचा नाही. आणि हे बघा, शाळेशी माझं भांडण लावू नका. मी साक्षीबिक्षीला येणार नाही!”

“पेटी कुठंय?” फुटपट्टीने मध्येच विचारलं.

“कसली पेटी? सगळं गोण्यांतून आलं. पेटीबिटी काही नव्हती.”

तेव्हा वाजले होते साडेबारा. मग जे सुरू झालं, त्याला काम म्हणावं की युद्ध, हे भिंगरीला नंतरही ठरवता आलं नाही! हजेरीपट, जुन्या उत्तरपत्रिका, वर्तमानपत्रं, पुठ्ठे. मिरी ढिगावर चढून गठ्ठे खाली ढकलायची, भिंगरी उपसायची, फुटपट्टी वहीच्या पाठीवरचं साल बघून ओळीने लावायचा. धुळीने नाकं काळी झाली. मिरीला तर एकापाठोपाठ एक अशा अकरा शिंका आल्या.

“सापडली! आणखी एक!”

“कोणतं साल?”

“आधी घे, मग वाच!”

ट्रकचा भोंगा वाजला तेव्हा एकतीस वह्या ओळीत लागल्या होत्या. सात नव्हत्या. एकीची पानं खिळ्यांच्या पुड्या झाली होती; बाकीच्या कुठे गेल्या, देव जाणे. सात वर्षांतली मुलं! कोणी पुसूनच टाकल्यासारखी! भिंगरीला वाटलं, आपण आता रडणार. पण तिला रडू आलं नाही, संताप आला. आणि संतापात ती समोरची वही उलटत असतानाच एका पानावर थबकली. वर पूर्ण नाव होतं. मुख्याध्यापकांचं! तेव्हा ते आठवीत होते. तिने वाचलं, आणि वही काखेत मारली.

“आता सरांना दाखवू या!” मिरी म्हणाली.

“नको,” फुटपट्टी वह्या गोणीत भरत म्हणाला. “वह्या दाखवल्या की ते म्हणतील, सरांनीच चुकून रद्दीत घातल्या. पेटी पाहिजे. पेटी रद्दीत आली नाही, म्हणजे ती कोणाला तरी आवडली. चांगली, जाड पत्र्याची पेटी. कोणाला लागेल बरं?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं शाळेच्या ऑफिसात हजर! हेडक्लार्क चहा पीत होते. खिडकीखाली पाण्याचा फिल्टर होता, आणि फिल्टरच्या खाली एक पेटी. ताज्या करड्या रंगाची, कुलूप लावलेली. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

“काय पाहिजे? सुट्टी आहे ना तुम्हाला?”

“पाणी पिऊ का, काका?” भिंगरीने साळसूदपणे विचारलं आणि मिरीला हळूच कोपर मारलं.

मिरीला तेवढंच हवं होतं. “उंदीर! काका, उंदीर! तुमच्या पायातून गेला! पेटीकडे! केवढी ती शेपटी!”

हेडक्लार्क खुर्चीवर! कप जमिनीवर! “कुठाय? कुठाय?”

“पेटीमागे एक भोक दिसतंय,” फुटपट्टी गंभीरपणे वाकून म्हणाला. “आतसुद्धा शिरला असेल. आत काही महत्त्वाचं आहे का?”

“अरे, प्रवेशाचे सगळे फॉर्म आहेत! कुरतडेल मेला! उघड, उघड लवकर!” आणि खुर्चीवरूनच त्यांनी स्वतःच्या खिशातली किल्ली फेकली.

फुटपट्टीने फिल्टर अलगद उतरवला. भिंगरीने कुलूप काढलं आणि झाकण पूर्ण उघडून भिंतीला टेकवलं.

बाहेरून करडी असलेली पेटी आतून कोणी रंगवायची तसदी घेतली नव्हती. झाकणाच्या आत ठसठशीत हिरवी अक्षरं होती : ‘यात अडतीस वर्षं धावलेली मुलं आहेत. सांभाळून उघडावे.’ आणि खाली सरांची सही.

“काय गोंधळ आहे हा?” दारात मुख्याध्यापक उभे होते. त्यांची नजर खुर्चीवर चढलेल्या हेडक्लार्कांवरून पेटीवर आली आणि तिथेच खिळली.

“ही पेटी शाळेत आलीच नव्हती ना?” भिंगरी म्हणाली.

हेडक्लार्क खाली उतरले. “साहेब... फॉर्म ठेवायला जागा नव्हती. तुम्हीच म्हणालात, जुने कागद संध्याकाळच्या आत बाहेर काढा. एक वही मी तुम्हाला दाखवायलाही आणली होती. तुम्ही फोनवर होतात. हातानेच खूण केलीत, टाका म्हणून. मग सरांनी विचारलं, तेव्हा... मी घाबरलो.”

“घाबरलात तुम्ही, आणि वेडे ठरले सर!” भिंगरी कडाडली. “ते आता भिंतीवर चिठ्ठ्या लावतात, माहीत आहे? मला विचारत होते, मी खरंच पेटी नेली होती का! दुसऱ्याची आठवण काढून घ्यायची, आणि वर काळजी वाटते म्हणायचं!”

तिने काखेतली वही मुख्याध्यापकांच्या हातात दिली. त्यांनी वाचायला सुरुवात केली. ‘आठशे मीटर. दुसऱ्या फेरीत पडला. गुडघा फुटला. उठून शर्यत पुरी केली, सगळ्यांत शेवटी आला. आजचा खरा धावपटू हाच. उद्या वर्गात सर्वांसमोर सांगणे.’

“सांगितलं होतं त्यांनी,” मुख्याध्यापक म्हणाले. “सगळ्या वर्गासमोर.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मुलांनो, शाब्बास. तुम्ही फार मोठं काम केलंत. प्रदर्शनात तुमचा सत्कार—”

“सत्कार नको,” भिंगरीने त्यांचं वाक्य तोडलं. मोठ्यांना असं तोडायचं नसतं हे तिला माहीत होतं, पण आज इलाज नव्हता. “तुम्ही सहा फोन केले होते. ते सहाही फोन पुन्हा करा. आत्ता. सरांसमोर.”

फुटपट्टी सायकलवरून सरांना घेऊन आला. सरांनी झाकणावरची अक्षरं पाहिली, त्यांवरून बोट फिरवलं, आणि खुर्ची ओढून बसले. बसले तेही कसे, तर वर्गावर बसत तसे!

मुख्याध्यापकांनी पहिला फोन लावला. “नमस्कार. सरांच्या वह्यांबद्दल थोडा गैरसमज झाला होता. त्या चुकून रद्दीत गेल्या...”

“थांब,” सर म्हणाले. ‘अहो’ नाही, ‘साहेब’ नाही. “वह्या गेल्या? पाय फुटले होते का त्यांना? वाक्यात कर्ता कुठे आहे?”

मुख्याध्यापकांचे कान लालबुंद झाले. मिरीने हसू दाबायला दोन्ही हात तोंडावर धरले.

“पेटी सरांनी शाळेत दिली होती,” मुख्याध्यापक फोनवर सावकाश म्हणाले. “मी न बघता वह्या रद्दीत टाकायला सांगितल्या. आणि सर विसरले असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं.”

“आता बरोबर,” सर म्हणाले. “पुढचा लाव.”

पाच वेळा तेच वाक्य, पूर्ण, कर्त्यासकट! मधल्या दोन फोनवर हेडक्लार्कांनाही आपलं वाक्य म्हणावं लागलं. “पेटी मी घेतली. मी खोटं बोललो.” समितीतल्या एका आजोबांनी तर पलीकडून इतका आवाज चढवला, की मुख्याध्यापकांना फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. शेवटी तेच आजोबा म्हणाले, “त्या पोरांना माझा नमस्कार सांगा. आपण पाच शहाणी माणसं, एकालाही सरांच्या घरी जाऊन विचारावंसं वाटलं नाही!”

सहावा फोन सरांच्या मुलीला होता. मुख्याध्यापक बोलले. मग त्यांनी फोन सरांपुढे धरला.

सर ऐकत राहिले. भिंगरीने मान दुसरीकडे वळवली, पण कान तिकडेच होते.

“अगं, रडतेस काय?” सर म्हणाले. “तू कशाला माफी मागतेस? तुला सांगणारा माणूस मोठ्या हुद्द्याचा होता... हो, हो. शेजारची पोरं. तिघं. नाही, त्यांना बक्षीस नको म्हणे. फार तापट आहेत... हो, रविवारी ये की! पण न्यायला नाही. राहायला ये.”