स्ट्रॉबेरीच्या भोकातनं

ती यादी परत वाच बघू, शिवतेज. लडाखपतूर गाडी नेणार, आन् वाटंत बघणार काय? उलटं बांधलेलं घर. विमानातलं हॉटेल. वीस फुटी चप्पल. आरं, चप्पल बघायला डिझेल जाळताय व्हय? पंचवीस वर्सं मिलिटरीत गाडी चालवली म्या, असलं खूळ कुठं बघितलं न्हाई. आन् पहिलाच थांबा काय लिवलाय? औंध रस्त्याची स्ट्रॉबेरी?

ती खोड. अंकिता, तू खोड गं, तुझा भाऊ काय खोडायचा न्हाई.

का म्हंजे? जयराजचं सांगतो. माझ्या हाताखाली गाडी शिकला त्यो, मग टुरिस्टची गाडी घेतली. त्यालाबी ह्योच नाद. गिऱ्हाइकाला फोटोसाठी तऱ्हेवाईक जागा दावायच्या. वहीच केलेली जागांची.

दोन वर्सांमागं, पौषातल्या अवसंची रात. गुरुवार. त्याची पोरगी प्रांजल, चार वर्सांची, पाच दिवस तापानं फणफणलेली. डॉक्टरचं औषध चालू, पर पाण्याबिगार पोटात काय ठरंना. मग जयराजच्या आईनं, बनुबाईनं, पोरीवरनं दहीभात उतरला. वर कुंकू, लिंबू. पत्रावळीवर घालून त्याच्या हातात दिला. "फाट्यावर ठेव आन् सरळ घरला ये. मागं वळून बघू नगंस." येवढंच काम.

त्या फाट्यावरच ती स्ट्रॉबेरी. कुणीतरी ढाब्याम्होरं उभी केलेली. दोन पुरुष उंच, फायबरची. मागनं आत शिरायचं, भोकातनं तोंड भाईर काढायचं आन् फोटो. ढाबा बुडाला, ती ऱ्हायली. आत लोकांनी काय घाण केलेली म्हणतोस! गुटख्याच्या पिचकाऱ्या, नासकी अंडी, मुताचा वास. शी! जितं आपलं तोंड घालायचं तितंच थुकायचं? 

जयराजनं स्ट्रॉबेरीच्या म्होरं, फाट्याच्या मधोमध उतारा ठेवला. पाठ फिरवली. गाडी घराकडं तोंड करूनच लावलेली व्हती. बसला, निघाला... आन् वहीची आठवण झाली. काळ्या अंधारात, लायटीच्या झोतात ती लालभडक स्ट्रॉबेरी, गिऱ्हाईक उड्या मारतंय बघ, असं वाटलं त्याला. घरात पोरगी तापलेली आन् ह्याला फोटो! मला त्याचा राग येतो. आजून येतो.

त्यानं गाडी फिरवली.

मोबाईल बॉनेटवर टेकवला, दहा सेकंदांचा टायमर लावला. उताऱ्याकडं न बघता कडंनं पळत गेला. नाक दाबून आत शिरला. भोकातनं तोंड भाईर काढलं.

समोर काय असणार? उतारा.

ध्यानात आलं तवा उशीर झालेला. अकरा वाजून धा मिंटं.

मोबाईल टिक... टिक...

पत्रावळ रिकामी.

कुत्रं न्हाई. माणूस न्हाई. उजेड लख्ख.

त्यानं तोंड मागं वढलं. निघंना. कान अडकलेले.

टिक...

मग वास आला. आंबलेल्या दह्याचा. आतनं न्हवं... समोरनं.

वठाला कायतरी लागलं. गार. बुळबुळीत.

"आ कर, बाळा..."

बाईचा आवाज. लाडाचा.

त्यानं दात गच्च मिटले. भात वठावरनं हनुवटीवर घसरला... परत वर आला. परत वठाला. भातामागनं नखं लागली. खरखरीत. माती लागलेली.

टिक.

फ्लॅश पडला.

...

कान सुटले. त्यानं तोंडावरनं हात फिरवला. कोरडं. एक शीत न्हाई.

गाडी कशी हाणली त्याचं त्यालाच ठावं. दारात बनुबाई उभी. म्हणली, "तू गेलास आन् पोरीचं अंग निवालं रं." हे ऐकून जयराज उंबऱ्यावरच बसला, रडाय लागला. तर म्हातारी म्हणली, "पर मगाशी, अकरा धाला, ती झोपंतच उठून बसली. आन् तिनं आ केलं."

म्हातारीची बोटं वली व्हती. पोरीच्या तोंडातनं तिनं भात काढलेला. गार, आंबलेला, कुंकू लागलेला. अंग परत तापलेलं.

बापानं तोंड मिटलं... पोरीनं उघडलं.

वाचली पोरगी. महिनाभर साताऱ्याला दवाखान्यात व्हती. आता शाळंत जाती. भाताला शिवत न्हाई, दुसऱ्याच्या हातनं घास घेत न्हाई. जयराजनं गाडी इकली, वही चुलीत घातली. फोटो मातर त्यानं कवाच उघडून बघितला न्हाई. मीबी इचारलं न्हाई.

ही काडीपेटी बघा. पोरीच्या तोंडातनं काढलेल्या भातात हे घावलं. लाल कपची, वर पिवळा ठिपका. त्या स्ट्रॉबेरीचाच तुकडा. बनुबाई मला म्हणली, "भावजी, नदीत सोडा." आरं, तेच पाणी आपण पितो! म्हणून ठिवलीय.

हात लावू नगंस, अंकिता. नुसतं बघ. ह्या फडक्यावर ठेवतो.

दोन वर्सं कोरड्या काडीपेटीत हाय...

फडकं बघ. वलं झालं.