हेडलींचा एकच शब्द

माझी गाडी चिखलात रुतली नसती, तर नेडची नि माझी ओळख त्याच्याच दारात अगदी रीतसर झाली असती. पण ऑक्टोबरातला तो मंगळवार… समुद्रावरून भुरभुर पाऊस येत होता आणि यॉर्कशरच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर माझं मागचं चाक नुसतंच गरगर फिरत होतं.

कुणीतरी काचेवर टकटक केलं. भिजलेला स्वेटर, भिजलेले केस, खांद्यावर खेकडे धरायचा रिकामा पिंजरा.

"हळू सुरू करा. मी मागून ढकलतो."

मी हळूच सुरू केली… निदान मला तसं वाटलं. गाडी झटक्यानं सुटली आणि तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखला.

"ब्लडी हेल!" तो ओरडला, आणि मग इतका मोकळा हसला की मला माफी मागायचंही सुचेना.

"कुठं निघालात एवढ्या घाईनं?"

"हेडली वॅडिंग्टन यांच्याकडे. मी रोवेना, स्पीच थेरपिस्ट."

त्याचं हसू मावळलं. "मी नेड. ते माझे बाबा. आणि… आधीच सांगतो, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका."

का, ते पाच मिनिटांत कळलं. उन्हाळ्यात आलेल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर हेडलींकडे एकच शब्द उरला होता. खिडकीशी बसलेल्या त्या धिप्पाड म्हाताऱ्या कोळ्याला मी कपाचं चित्र दाखवलं. "ब्लडी." मांजराचं दाखवलं. "ब्लडी." माझं नाव सांगितलं, तेव्हा मान लववून, अगदी अदबीनं म्हणाले, "ब्लडी."

नेडचे कान लालभडक झाले. "गावभर गप्पा मारायचे हो ते. आणि उरलं काय, तर हे!"

"असं होतं पुष्कळदा. ठरवून बोलायचे शब्द जातात, सवयीनं तोंडातून निघणारे राहतात. गाणी, प्रार्थना, शिव्या."

"प्रार्थना राहिली असती तर चर्चमध्ये तरी नेता आलं असतं!"

मी ओठ चावून हसू दाबलं. सात वर्षांची असताना मी हाच शब्द उच्चारला, तर आईनं माझं तोंड साबणानं धुतलं होतं. आणि आता तोच ऐकायला मी पंधरा मैल गाडी चालवत आले होते.

"ब्लऽऽडी," हेडली म्हणाले. नेडनं उठून किटली चढवली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"लांबवला की चहा. तोडून टाकला की 'गप बस'. पाठोपाठ दोनदा म्हटलं की वारा फिरला, होड्या परत येतायत."

तेवढ्यात हेडली खिडकीकडे बोट करून पाठोपाठ दोनदा म्हणाले. मी वाकून पाहिलं. खरंच येत होत्या.

त्याच संध्याकाळी मी एक नवी वही घेतली. दर मंगळवारी तिच्यात एकदोन अर्थांची भर पडायची. सूर वर गेला की प्रश्न, खाली आला की नकार. मेलेल्या बायकोच्या फोटोकडे बघून ते जो पुटपुटायचे, त्याच्यापुढे मात्र मी काही लिहिलं नाही.

"आणि तुमचा?" एकदा मी नेडला विचारलं. "तुम्हीही दिवसातून पन्नासदा म्हणता."

"माझा साधा आहे. बोट चेचलं, ब्लडी हातोडा. मासा चांगला लागला, ब्लडी झकास."

"शिवीही तीच नि कौतुकही तेच?"

"आमच्याकडं शब्द जपून वापरतात, बाई. आता हेच बघा… आज तुम्ही ब्लडी…"

तो अडखळला.

"ब्लडी काय?"

"ब्लडी उशिरा आलात." आणि तो घाईनं किटलीकडे वळला.

मी दहा मिनिटं लवकर आले होते.

डिसेंबरात काउन्सिलच्या, म्हाताऱ्यांची सोय बघणाऱ्या एक बाई आल्या. हेडलींना काही कळत नाही, असं त्यांनी ठरवलं असतं, तर त्यांची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात व्हायची होती. नेड भिंतीला टेकून उभा होता. रंग उडालेला.

"आजोबाऽऽ, तुम्हाला कुठं राऽऽहायचंय?" बाईंनी तान्ह्या मुलाशी बोलावं तसं विचारलं.

"ब्लडी!"

बाईंनी लिहिलं… शिवीगाळ. मी तिरपी होऊन वाचलं आणि मला राहवेना.

"तुम्ही शब्द लिहिलात. आता सूर ऐका."

मी बरोबर आणलेले दोन फोटो हेडलींसमोर ठेवले. वृद्धाश्रमाचा पाहताच त्यांनी तो शब्द थुंकल्यासारखा टाकला. मग या घराचा. त्यांनी चांगला हात त्याच्यावर ठेवला, आणि तोच शब्द इतक्या हळू, इतक्या मायेनं म्हणाले की बाईंचं पेन थांबलं.

"म्हणजे… हे घर विकायचंय तुम्हाला?" बाईंनी मुद्दाम उलटं विचारलं.

पुढचा "ब्लडी" असा गडगडला की खिडकीतलं मांजर पळालं.

"समजलं," बाई म्हणाल्या. मघाचं खोडून त्यांनी नव्यानं लिहायला घेतलं.

त्या गेल्यावर नेडनं मला अंगणात उचलूनच घेतलं. मग आपण काय केलं ते कळून घाईनं खाली ठेवलं. त्याच्या स्वेटरला मिठाचा वास होता. मी त्याच्याकडे न बघता बोलून टाकलं, "पुढच्या मंगळवारपासून मी येणार नाही. माझ्या जागी माझी सहकारी ग्लेनिस येईल."

"का? काही चुकलं आमचं?"

"माझं चुकलं. तुमच्या दाराबाहेर मी दर वेळी दोन मिनिटं उभी राहते. केस नीट करत. बाबांसाठी नाही करत, नेड… आणि पेशंटच्या घरी असं चालत नाही. फाइल दुसऱ्या कुणाकडे गेली, की मग मी नुसती रोवेना."

वारा किती वाजत होता त्या अंगणात!

"ब्लडी…" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"यातला कुठला?" मी विचारलं. "वहीत शोधू का?"

"वहीत नाही तो. आधी कधी कुणाला म्हटलाच नव्हता."

शनिवारी दुपारी मी आले. हातात फाइल नव्हती, आल्याचा केक होता, जरासा करपलेला. आतून हेडलींची काठी वाजत होती. नेडनं दार उघडलं. दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं.

"या ना," तो म्हणाला.

मी पायरीवरच थांबले. "'ये' म्हण."

त्यानं केक माझ्या हातातून घेतला, खाली ठेवला, आणि माझा हात धरला.

"ये."