अनामिकेचं कुंकू

खंडेनवमीला अवजार राबवायचं नाही, हा चंद्रशेखरांचा दंडक. कॉम्प्युटरलाही ते झेंडू वाहायचे, अनामिकेनं एंटरच्या बटणावर कुंकू टेकवायचे. ते गेले, तरी मानक नगरच्या घरात पद्मिनीबाईंनी तो नेम मोडला नव्हता. मागच्या खोलीत त्यांच्या कॉम्प्युटरची पूजा करून बाईंनी कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

लेकीची, सावनीची, बॅग दारात तयार होती.

"आई, बाबांची भूपाळी? चार बजे फ्लाइट है, अमौसी एअरपोर्ट दूर आहे यार!"

भूपाळी गाणारा चंद्रशेखरांचा आवाज फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि त्याची डिस्क महिनाभर घरघरत होती. आज नाही, तर कदाचित कधीच नाही.

"आज छूना मना है ना?"

"हात कोण लावतंय? इथूनच हुकूम सोडते," बाई ठसक्यात म्हणाल्या. "आणि या लॅपटॉपला मी कुंकू लावलेलंच नाही. तो आज कामावर!"

साठीनंतर एकटीनं शिकलेली विद्या ती! बाईंच्या प्रोग्रॅमनं आधी लॅपटॉपवर फोल्डर बनवलं, मग वायफायवरून मागच्या कॉम्प्युटरवर हुकमांची स्क्रिप्ट चालवली. फायली सरसर येऊ लागल्या.

मधेच एक अडली. पडद्यावर आलं: फाइल वापरात आहे.

"कोण वापरतंय मेलं?" बाईंनी दुसरी स्क्रिप्ट धाडली... तिथे कोण कोण आहे, ते विचारणारी. उत्तरात दोन नावं आली. पद्मिनी, नेटवर्कवरून. चंद्रशेखर, समोरच्या कीबोर्डवरून.

बाईंचा हात कमरेकडे गेला. किल्ली जागच्या जागी होती.

"सावनी... त्या चालू कॉम्प्युटरवर कोण बसलंय?"

"चालू?" सावनी हसली. "तू फुलं आणायला गेलीस, तेव्हा मीच तर प्लग काढला. पानी छिड़कना था ना!"

बाई तडक उठल्या, कुलूप काढलं. आत झेंडूचा वास दाटला होता, आणि त्याखाली एक ओळखीचा वास... चंद्रशेखरांच्या केसांच्या तेलाचा. वायर गुंडाळून टेबलामागे ठेवलेली. यंत्राला हात लावला, बर्फासारखं गार. फुलाची पाकळीही हललेली नव्हती. फक्त एंटरवरचं कुंकू पुसलेलं.

"आई..." बाहेरून सावनीचा आवाज चिरकला. "आई, इकडे ये ना..."

लॅपटॉपवर फायली अजून येतच होत्या. अडलेलीही आली होती, आणि आपसूक वाजत होती. भूपाळी नव्हती ती. आधी बटणांची टकटक. मग बाईंचाच ठसक्यातला आवाज: "हात कोण लावतंय?"

थोडी शांतता... आणि चंद्रशेखरांचं खाकरणं, अगदी जवळून.

सावनी पडद्याकडे बघतच नव्हती. ज्या लॅपटॉपला कुणी कुंकू लावलंच नव्हतं, त्याच्या एंटरवर कुंकवाचं एक बोट उमटलं होतं. ओलं.