चुन्याचा एकच हात

अर्गिरोने दारातून बादलीभर पाणी भिरकावलं, आणि ते पायरीवर पडायच्या ऐवजी एका माणसावर पडलं.

"पनायिया, मेरी माऊली!" तिच्या हातातली बादलीच गळाली.

"नाही, मी स्त्रातिस," तो म्हणाला. केसांतून, हनुवटीवरून, शर्टातून पाणी ठिबकत होतं... तरी हसत होता. "पिर्गोसमध्ये पाहुण्यांचं स्वागत असंच करतात का?"

"ईस्टर आलाय ना, पायऱ्या धूत होते... मी बघितलंच नाही हो तुम्हाला!"

"आता तरी बघा."

तिने बघितलं आणि झटकन मान खाली घातली. कान तापले. पण मधेच जरा उंचावलेलं त्याचं ते ऐटदार नाक काही नजरेपुढून हलेना.

हे घर शिल्पकार फिलिपोसमास्तरांचं. इथेच ते संगमरवर घडवत, इथेच जेवत, इथेच झोपत. ते गेल्यावर घराचं संग्रहालय झालं आणि अर्गिरो नुकतीच तिथे राखणीला लागली होती. दारातून तो थेट कामाच्या खोलीतच आला. तिने टॉवेल आणून दिला. त्याने केस जेमतेम पुसले आणि विचारलं, "ती भिंत कुठेय? मास्तरांच्या कोळशाच्या चित्रांची?"

अर्गिरोने रिकामी बादली उचलली आणि उगाच पुन्हा खाली ठेवली.

ईस्टरच्या आधी या बेटावर चुना कोण लावत नाही? घर, अंगण, झाडाचा बुंधा, जे जे म्हणून जागचं हलत नाही ते पांढरं व्हायलाच हवं! अर्गिरोनेही मोठ्या उत्साहाने चुना कालवला आणि मास्तरांच्या कामाच्या खोलीतली काळवंडलेली भिंत रंगवून टाकली. काळे फराटे दिसले होते तिला. धुराचे असतील म्हणाली. संध्याकाळी शेजारचा म्हातारा डोकावला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. ती मास्तरांची चित्रं होती.

"ती भिंत ना... ती दुरुस्तीला पाठवलीय," ती म्हणाली.

"भिंत? कुठे?"

"अथेन्सला."

"मी अथेन्सहूनच आलो. बोटीवर काही भेटली नाही."

अर्गिरोला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"थट्टा बाजूला," तो म्हणाला आणि ओल्या पाठीने नेमका त्याच भिंतीला रेलला. "क्रिनिओआजीने पाठवलंय मला. तरुणपणी ती मास्तरांसमोर बसायची. मूर्ती झालीच नाही, मधेच तिचं लग्न झालं. ते एक चित्र तेवढं राहिलं. त्या वयातला तिचा एकही फोटो नाही. म्हणाली, जाऊन बघून ये बाबा, मी खरंच देखणी होते की मास्तर थापा मारायचे!"

आता तर अर्गिरोला त्याच्याकडे बघवेना. भिंत गेली ती गेली. तिने एका म्हातारीचं तरुणपण पुसलं होतं.

तो कोपऱ्यातला प्लास्टरचा देवदूत बघायला पुढे सरकला. भिंतीवर त्याच्या पाठीचा ओला डाग उमटला होता. ओला झालेला चुना आरपार दिसायला लागला होता आणि त्याखालून काळी रेघ वर येत होती. कपाळ... पापणी... आणि मधेच जरा उंचावलेलं नाक.

दारातून वारा येत होता. डाग कडेने वाळायला लागला होता आणि तिथली रेघ पुन्हा पांढऱ्यात बुडत होती. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. तो दुपारची बस धरून, बोटीत बसून, हसत हसत निघून गेला असता... आणि आजीला काय सांगितलं असतं?

"स्त्रातिस," तिने हाक मारली. "मी खोटं बोलले. भिंत हीच आहे. मीच चुना मारला हो... तुमच्या आजीवर. मागे बघा ना, लवकर. वाळतेय!"

तो वळला. भिंतीच्या अगदी जवळ गेला. अर्गिरो आपल्या पायांकडे बघत उभी होती. डोळ्यांतलं पाणी आता चपलेवर पडायला लागलं होतं.

"ओरडा तरी," ती म्हणाली.

त्याने स्वतःच्या नाकाला हात लावला. "पाणी," तो पुटपुटला. मग एकदम, "अगं, पाणी आण!"

त्याने टॉवेलने, तिने ओंजळीने, दोघांनी मिळून भिंत भिजवली. वेणी आली, मान आली, हसू दाबून धरलेले ओठ आले.

"किती हात मारलेस चुन्याचे?"

"एकच. आई म्हणते, आळशी कार्टी आहेस."

"तुझ्या आळसाचं भलं होवो!"

बाहेर बसचा भोंगा वाजला. तो जागचा हलला नाही.

"बस—"

"जाऊ दे."

चित्र पुन्हा फिकट व्हायला लागलं. "संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना मीच सांगणार," अर्गिरो म्हणाली. "नोकरी जाईल. जाऊ दे."

"मी शेजारी उभा राहीन. सांगेन, आजीची तक्रार नाही. फक्त नातवाला ती रोज बघायला हवी... आणि भिंत भिजवायला कुणीतरी हवंच."

अर्गिरोची मान खालीच होती. "लाज वाटते रे मला तुझ्याकडे बघायची."

"मग भिंतीकडे बघ. नाक तेच आहे."

तिने भिंतीकडे बघितलं. मग हळूच... त्याच्याकडे.

"तिकडचं वाळलं," ती म्हणाली. "इकडचंच बघते."